दहा घरांचं पाकीट

हराळ बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या शाळेच्या फाटकाशी वाकून मातीत काहीतरी उकरत होत्या. मी बदलीचा हुकूम हातात घेऊन उभा. मला वाटलं, कानातलं पडलं असणार. म्हणून बॅग बाजूला ठेवून मीही वाकलो आणि दोन मिनिटं आम्ही दोघं न बोलता माती चिवडत राहिलो. शेवटी त्यांनी सोड्याच्या बाटलीचं एक चपटं झाकण दोन बोटांत धरून उन्हात फिरवून पाहिलं, पदराला पुसलं आणि खांद्यावरच्या पिशवीत टाकलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही नवे गुरुजी ना? या, चहा घ्या."

बोरमळा ही पारनेर तालुक्यातल्या पठारावरची वस्ती. कांद्याच्या वावरांमध्ये विखुरलेली वीसेक घरं, मध्ये दोन खोल्यांची शाळा, समोर एक कडुलिंब. पहिली ते चौथी मिळून एकोणीस मुलं आणि शिक्षक दोन. मुख्याध्यापिका हराळ बाई आणि त्यांच्या हाताखाली मी. मी भिंगारचा. लष्कराच्या हद्दीला लागून आमचं घर, त्यामुळे लहानपणापासून दगडसुद्धा रांगेत आणि चुना लावलेले बघायची सवय. बाईंच्या वर्गात पाऊल टाकलं आणि मी दारातच थबकलो. एका भिंतीला कांद्याच्या लाल जाळीच्या गोण्या टांगलेल्या. एकीत बाटल्यांची झाकणं, दुसरीत काड्यापेट्या, तिसरीत मोडक्या छत्र्यांच्या काड्या. कोपऱ्यात सायकलच्या जुन्या ट्यूबा. खिडकीत चिंचोक्यांचे डबे. कपाट उघडलं तर लग्नपत्रिकांचा ढीग अंगावर आला. माझी बदली भंगाराच्या दुकानात झाली आहे, असं मी त्या दिवशी घरी फोन करून सांगितलं, आणि ते गंमत म्हणून सांगितलं नव्हतं.

बाई उंच, काटक, रापलेल्या. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. कमरेला नाडीने एक कात्री लटकवलेली असायची, आणि ती त्यांच्या अंगावर इतकी शोभायची की एखाद दिवशी ती नसली तर मुलं विचारायची, बाई, बरं न्हाई का. आवाज घोगरा होता, पण वर्गात तो फारसा लागायचा नाही. एखादी वस्तू त्या मुलांसमोर ठेवायच्या आणि विचारायच्या, "ह्याला काय काय येतं?" बस्स. मग ती वस्तू कानस असो नाहीतर फुटकं गाळणं असो, अर्धा तास वर्ग तिच्यावर तुटून पडायचा.

लग्नपत्रिकांचंच घ्या. सगळ्या जगातली मुलं पहिला शब्द 'कमळ' नाहीतर 'बदक' वाचत असतील. बोरमळ्याच्या मुलांनी वाचलेला पहिला शब्द 'चि. सौ. कां.' असायचा. बाई म्हणायच्या, पुस्तकातल्या कमळाला ह्यांनी कधी पाहिलेलं नाही, पण मांडव सगळ्यांनी पाहिलाय. दुसरीतली मुलं पत्रिकेतून मुलाचा मामा, मुलीचा चुलता आणि आहेर आणू नये ही ओळ घडाघडा शोधून काढायची. तिसरीतली मुलं पत्रिकेवरची गावं जिल्ह्याच्या नकाशावर बोटाने गाठायची. अकोले तालुक्यातल्या भंडारदऱ्यापासून खाली शनिशिंगणापूरपर्यंत कुठल्या गावची सोयरीक कुठं झाली, हे माझ्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक होतं. कोऱ्या पाठीवर मग शुद्धलेखन व्हायचं, आणि तेही भरलं की पत्रिकेची कात्रीने अक्षरं व्हायची.

मला हे सगळं पटायला वेळ लागला, ते कबूल करतो. आल्या आल्या मी एका मावसभावाला गळ घालून शाळेसाठी टीव्ही मिळवला होता. तो टेम्पोतून उतरला तेव्हा मी वस्तीभर मिरवलो. टीव्ही भिंतीला लागला, मुलं समोर बसली, आणि वीज गेली. ती तिसऱ्या दिवशी आली. दरम्यान बाईंनी मला अगदी अदबीने विचारलं, "गुरुजी, खोक्यातलं थर्माकोल टाकून देणार असाल तर मला हवं होतं." त्यात त्यांनी बाभळीचे पांढरे काटे ओळीने टोचले, ट्यूबा कापून रबराची वेटोळी केली आणि मुलांच्या हातात दिली. काट्यांभोवती रबर ताणून मुलं त्रिकोणाचा चौकोन आणि चौकोनाचा पतंग करत बसली. तिसऱ्या दिवशी वीज आली तेव्हा मी टीव्ही लावला आणि एकाही मुलाने मान वर केली नाही. बाईंनीच सगळ्यांना दामटून पुढे बसवलं आणि स्वतःही पहिल्या रांगेत मांडी घालून बसल्या. म्हणाल्या, गुरुजींनी हौसेनं आणलाय, बघा रे. मला फार राग आला होता, आणि तो कुणावर काढावा हेही कळत नव्हतं.

बाईंचं सगळंच बरोबर असायचं, असंही नाही. शाळेचा स्वयंपाक करणाऱ्या मंदाताईंच्या चुलीवर त्या कणकेची खळ शिजवायच्या आणि पातेल्याला लागलेली खळ घासता घासता मंदाताई त्यांचा उद्धार करायच्या. झाकणांच्या गोणीत एकदा विंचू निघाला. आणि मी यायच्या आधी एका वर्षी फुटक्या बांगड्यांच्या तुकड्यांची नक्षी करताना एका मुलीच्या बोटाला काच लागली होती. ती गोष्ट बाईंनी स्वतःच मला सांगितली. जखम भरेपर्यंत त्या रोज तिच्या घरी गेल्या, आणि त्यानंतर काचेचा कण वर्गात येऊ दिला नाही. "चूक हाताला कळली पायजे, नुसती तोंडाला न्हाई," असं त्या म्हणाल्या होत्या. हात हा त्यांच्या बोलण्यात सारखा यायचा. त्यांचं ठाम मत होतं की हाताला कळलेलं डोक्याला पुन्हा समजावून द्यावं लागत नाही. तक्त्यांवर त्यांचा राग होता. तक्ते भिंतीला शिकवतात, म्हणायच्या.

आता गोळ्यांच्या पाकिटांकडे येतो, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच उभं आहे.

वस्तीत दगडू आबा म्हणून एक म्हातारे होते. त्यांना रक्तदाबाच्या गोळ्या होत्या आणि त्या न घेण्याचा हट्टही होता. बाई एकदा त्यांच्या समाचाराला गेल्या, मीही बरोबर होतो. तब्येतीची विचारपूस झाली, चहा झाला. उठता उठता बाईंची नजर कोनाड्यातल्या गोळ्यांच्या पाकिटाकडे गेली. "आबा, हे संपलं की टाकू नका, मला द्या."

आबांनी पाकिटाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. "बाई, मी संपायच्या आदी गोळ्या संपायच्या न्हाईत. मी त्या घेतच न्हाई."

"मग पोरांची मोजणी अडली म्हणायची," बाई म्हणाल्या आणि चपला घालून निघाल्या.

दुसऱ्या आठवड्यात आबा काठी टेकत शाळेत आले आणि रिकामं पाकीट मुलांच्या पुढ्यात टाकलं. डॉक्टरला जे जमलं नव्हतं, सुनेला जमलं नव्हतं, ते मुलांच्या मोजणीने करून दाखवलं. त्यानंतर आबांनी गोळी चुकवली नाही. पाकीट संपलं की येणाऱ्या सोमवारी ते शाळेत हजर. मुलं फाटकाशी वाट बघत असायची आणि आबा अशा थाटात पाकीट काढायचे की जणू बक्षीस वाटायला आलेत. त्यांचं बघून वस्तीतल्या बाकीच्यांनीही पाकिटं पाठवायला सुरुवात केली. सर्दीच्या, सांधेदुखीच्या, पित्ताच्या, सगळ्या गोळ्यांची पाकिटं आमच्याकडे जमा व्हायची.

त्यांचं काम असं. गोळी काढून घेतली की पाकिटात जो खड्डा राहतो त्याला मुलं घर म्हणत. एका घरात एक चिंचोका. दहा घरं भरली की एक पाकीट, म्हणजे एक दशक. दहा पाकिटं चपलेच्या खोक्यात घातली की खोकं भरलं, म्हणजे एक शतक. उरलेले सुटे चिंचोके बाहेर. एकक, दशक, शतक हे शब्द बाई फार उशिरा सांगायच्या. तोवर मुलांच्या हातांनी ते हजारदा भरलेलं आणि रिकामं केलेलं असायचं.

अडचण एकच होती. कंपनी तशी पाकिटं. कुणाचं लांब, कुणाचं रुंद, आणि काहींना घरं दहाच्या जागी पंधरा. म्हणून आलेलं प्रत्येक पाकीट बोट फिरवून मोजायचं, जास्तीची घरं कात्रीने कापायची आणि मगच खोक्यात टाकायचं, असा नियम होता. सोमवारचं हे काम बाईंनी माझ्याकडे दिलं होतं. मी ते करायचो, पण मनातून मला ते शिक्षकाचं काम वाटत नव्हतं.

मी आल्याच्या दुसऱ्या वर्षी तालुक्याच्या गावच्या इंग्रजी शाळेची पिवळी गाडी वस्तीच्या फाट्यापर्यंत येऊ लागली. गाडीत टायवाली मुलं बसलेली दिसायची. महिन्याभरात वस्तीत कुजबूज सुरू झाली, आणि एका दुपारी शाळा समितीचे अध्यक्ष भानुदास अकरा मुलांच्या पालकांना घेऊन आले. भानुदास हे कांद्याचे बागायतदार, स्वभावाने सरळ, आमच्याच शाळेत शिकलेले. त्यांची मुलगी ईश्वरी तिसरीत होती. ही पोरगी वर्गात बोलायचीच नाही. दोन वर्षांत मी तिचा आवाज पाचसात वेळा ऐकला असेल. मी बाईंना एकदा म्हणालो, हिला काही येतं की नाही ते कळत नाही. बाई म्हणाल्या, तोंडाकडे बघू नका, बोटांकडे बघा.

भानुदास लिंबाखाली उभे राहूनच बोलले. "बाई, राग मानू नका. तुमी कष्ट घेता, आमाला दिसतंय. पन पोरगी घरी येती, इचारलं काय शिकलीस, तर म्हनती चिंचुके भरले. आमी तिला चिंचुके भराया पाठवतो व्हय? मी हितंच शिकलो, आन अजून फारम भराया दुसऱ्याच्या तोंडाकडं बघतो. तिचं तसं नगं व्हायला."

यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. पण अकरा मुलं गेली की उरणार आठ, आणि पट दहाच्या खाली गेला की शाळा बंद करून उरलेल्यांना शेजारच्या गावी पाठवतील, हे आम्हाला आधीच बजावलेलं होतं. मी काहीतरी समजूत घालायला तोंड उघडलं. बाईंनी मला हाताने थांबवलं.

"भानुदास, तुमचं बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "पोरीला काय येतं ते तुमी पाह्यलंच न्हाई, मग मानायचं कसं? शनवारी समदे या. घरातलं जे हाताला लागंल ते आणा, आन पोरांना इचारा. मी एक शबूद बोलनार न्हाई. पटलं न्हाई तर अकरा दाखले मी माझ्या हातानं लिहून देते."

सगळे गेल्यावर मी बाईंना म्हणालो की एवढं धाडस कशाला केलंत, थोडी तयारी तरी करून घेऊ. बाई म्हणाल्या, तयारी करून घेतली तर ती आपली परीक्षा, मुलांची कसली? शुक्रवारी दुपारी मुलं सुटल्यावर मी वर्गात डोकावलो तर बाई एकट्या बसून लिहीत होत्या. कच्च्या कागदांवर, सुवाच्य अक्षरात, अकरा दाखल्यांचा मजकूर. नाव, जन्मतारीख, शाळा सोडण्याचं कारण. ईश्वरीच्या कागदापाशी त्यांनी पेन खाली ठेवलं आणि चष्मा काढून डोळे पुसले. मी दारातून मागे सरलो. ही बाई घाबरली आहे हे मला त्या दिवशी कळलं आणि त्यांच्याबद्दल पहिल्यांदा मनापासून माया वाटली.

शनिवारी अकरांच्या जागी सगळी वस्ती आली. लिंबाखाली सतरंज्या पडल्या. बाई बोलल्याप्रमाणे मागे भिंतीला टेकून बसल्या आणि मलाही शेजारी बसवलं.

एका बाईने तीन भाकरी आणल्या होत्या आणि चार जणांना सारख्या वाटायला सांगितल्या. दुसरीतल्या पोराने क्षणभर भाकरीकडे पाहिलं, प्रत्येकीचे चार तुकडे केले आणि सांगून टाकलं की ज्याला त्याला तीन चतकोर. दगडू आबांनी कोपरीच्या खिशातून नातवाची पत्रिका काढली आणि तीत आपलं नाव कुठं आहे विचारलं. पहिलीतल्या पोरीने ते काढलं आणि वर सांगितलं की आबा, तुमच्या नावातला उकार चुकीचा छापलाय. लोक हसायला लागले. एकाने सुतळीचं भेंडोळं टाकून लिंबाच्या बुंध्याचा घेर मोजायला लावला. चौथीच्या मुलांनी तो मोजला, आणि शाळेच्या खांबाचाही मोजून दोन्हींतला फरक सांगितला. माझी छाती फुगत चालली होती.

मग भानुदास उठले. त्यांनी उपरण्यात बांधलेलं हरभऱ्याचं गाठोडं मुलांसमोर सोडलं. ते म्हणाले की हे किती आहेत ते मी आणि ईश्वरीच्या आईने सकाळी दोनदा मोजलंय. आता मुलांनी सांगायचं. आणि त्यांनी मुद्दाम स्वतःच्या मुलीकडे बोट दाखवलं.

ईश्वरी उठली. तिने आणखी तिघींना हाताला धरून आणलं, पाकिटांचं खोकं ओढलं आणि चौघी हरभरे घरांत भरू लागल्या. टपटप पाकिटं भरत होती. दहा झाली की चपलेच्या खोक्यात जात होती. तीन खोकी भरली. बाहेर तीन पाकिटं आणि सात सुटे हरभरे उरले. एकीने मोठ्याने वाचलं, तीनशे सदतीस.

"चुकलं," भानुदास म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता, उलट थोडा धसका होता. "तीनशे सत्तेचाळीस हायेत."

मी बाईंकडे पाहिलं. त्या समोर बघत होत्या आणि कमरेची कात्री त्यांनी मुठीत घट्ट धरली होती. कुणीतरी मागून म्हणालं की परत मोजू द्या लेकरांना. भानुदासांनी मान हलवली, परत मोजा म्हणाले. तिघी मुली खोकी रिकामी करायला सरसावल्या.

ईश्वरीने त्यांचे हात धरले. ती खोक्यांपाशी बसली आणि एकेका पाकिटावरून डोळे मिटून बोट फिरवू लागली. पहिलं खोकं झालं. दुसऱ्या खोक्यातल्या एका पाकिटापाशी तिचं बोट थांबलं, पुन्हा फिरलं, आणि तिने ते पाकीट बाहेर काढून ठेवलं. तिसऱ्या खोक्यातून तसंच आणखी एक काढलं. बाहेरची तीनही तपासली. मग ती उभी राहिली.

"बाई, ही दोन पाकिटं आपली न्हाईत," ती म्हणाली. "ह्यांना पंधरा घरं हायेत. पाच आन पाच, दहा जास्ती हायेत. तीनशे सत्तेचाळीसच हायेत, पप्पा."

दोन वर्षांत ती एवढं सलग बोललेली मी ऐकलं नव्हतं.

भानुदास खाली बसले. त्यांनी ते पाकीट हातात घेऊन स्वतः बोटाने मोजलं. मग दुसरं मोजलं. "परत मोजायचं न्हाई मंग?" त्यांनी लेकीला विचारलं.

"कशाला?" ईश्वरी म्हणाली. "कुटं चुकलं ते घावलं की."

आधी दगडू आबांनी काठी आपटली आणि मग सगळीकडून टाळ्या सुरू झाल्या. मंदाताई पदर डोळ्यांना लावून रडत होत्या आणि मध्येच हसत होत्या. भानुदासांनी लेकीला जवळ ओढलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. मी मात्र जागचा हललो नाही, कारण ती दोन पाकिटं कुठून आली ते मला कळून चुकलं होतं. आबांच्या डॉक्टरांनी त्यांची गोळी बदलली होती. नवं पाकीट पंधराचं. गेल्या दोन्ही खेपांना मी आबांच्या हातातून पाकीट घेतलं होतं आणि न मोजताच खोक्यात टाकलं होतं.

लोक पांगल्यावर मी बाईंना ते सांगितलं. मला वाटलं होतं त्या चिडतील. बाई आधी माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग इतक्या हसल्या की चष्म्याचा दोरा सुटला.

"गुरुजी, पोरांनी पहिल्या झटक्यात बरोबर सांगितलं असतं, तर लोक म्हणाले असते, बाईंनी पाठ करून घेतलंय," त्या म्हणाल्या. "तुमी चुकलात म्हणून ती बोलली. आता सोमवारपासून नीट मोजत जा."

अकरा दाखल्यांपैकी एकही लागला नाही. पिवळी गाडी फाट्यावर यायची, हॉर्न वाजवायची आणि पुढच्या वस्तीला जायची. सोमवारी बाईंनी त्या अकरा कागदांच्या कोऱ्या बाजूंवर अंक काढले, कात्रीने कापून पत्ते केले आणि पहिलीच्या मुलांना खेळायला दिले. एका पत्त्याच्या मागे 'शाळा सोडण्याचं कारण' एवढेच शब्द राहिले होते. तो पत्ता मी उचलून माझ्या डायरीत ठेवला, आणि तो अजून तिथे आहे. पुढच्या जूनमध्ये शेजारच्या वस्तीवरून चार मुलं आमच्याकडे नाव घालायला आली. घेऊन आले होते भानुदास, स्वतःच्या टेम्पोतून.

त्या शालेय वर्षाच्या शेवटी बाई निवृत्त झाल्या. निरोपाला पुन्हा लिंबाखाली सतरंज्या पडल्या. शाल झाली, नारळ झाला, भाषणं झाली. भेटवस्तूंचे चकचकीत कागद बाईंनी एक एक न फाडता सोडवले, त्यांच्या घड्या घातल्या आणि माझ्याकडे दिल्या. गोण्या, डबे, पत्रिका, सगळं त्या शाळेतच ठेवून चालल्या होत्या. आदल्या दिवशी त्यांनी प्रत्येक गोणीवर माझ्या नावाची चिठ्ठी लावली होती. कात्रीसुद्धा कमरेची सोडून माझ्या टेबलावर ठेवली. मला त्या दिवशी नीट जेवताही आलं नाही.

सगळ्यात शेवटी भानुदास पुढे आले. त्यांच्या हातात ना हार होता ना डबा. त्यांनी शर्टाच्या वरच्या खिशातून गोळ्यांचं एक रिकामं पाकीट काढलं. "मलाबी बीपी निघालं, बाई," ते जरा लाजत म्हणाले. "पंधराचं हुतं. पाच कापून आनलंय. आता दहाचं हाय."

बाईंनी पाकीट घेतलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, तरी अंगठा सवयीने एकेका घरावरून फिरला. दहाही घरं मोजून झाल्यावर त्यांनी ते माझ्याकडे दिलं.

"गुरुजी, तुमी मोजा."

मी सगळ्या वस्तीसमोर, पहिलीतल्या मुलासारखं बोट ठेवून मोजलं. दहाच होती. मग ते मी खोक्यात ठेवलं आणि शेजारी उभ्या ईश्वरीने मान डोलावली. ती आता पाचवीसाठी गावच्या शाळेत जाणार होती आणि निरोपाच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन तिनेच केलं होतं.

एस.टी.ची वेळ झाली तशा बाई निघाल्या. मुलं फाटकापर्यंत जायला बघत होती, पण बाईंनी सगळ्यांना लिंबाखालीच थांबवलं, वर्ग सोडून कुठं निघालात म्हणाल्या. खांद्यावर तीच पिशवी होती, आज पहिल्यांदाच रिकामी, वाऱ्याने हलणारी. उन्हातून त्या एकट्या सरळ चालत गेल्या. फाटकाशी पोचल्यावर थांबल्या. मला वाटलं, आता मागे वळून हात करतील. त्या वाकल्या, मातीतून काहीतरी उचललं, उन्हात फिरवून पाहिलं, पदराला पुसलं आणि पिशवीत टाकलं.